सोलापुरातून प्लॅनेटरी नेब्युला टिपताना: छोट्या स्मार्ट दुर्बिणीचा क्रम कुठे चुकतो

स्मार्ट दुर्बीण, म्हणजे फोनवरून चालणारी आणि स्वतःच लक्ष्य शोधून फोटो काढणारी दुर्बीण, घेतलेल्यांच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात. ‘एम५७ लावली, पण नुसता फुगलेला तारा दिसतो.’ ‘डम्बेल घेताना निम्म्या फ्रेम बाद होतात.’ ‘हेलिक्स तर दिसलीच नाही.’ या तिन्ही प्लॅनेटरी नेब्युला, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची चमकती कवचं. तिन्ही वेळा दोष दुर्बिणीला दिला जातो. खरं तर चूक ‘सुरू’ बटण दाबण्याच्या आधीच झालेली असते: लक्ष्य किती मोठं आहे हे पाहिलेलं नसतं, ते आकाशाच्या कुठल्या बाजूला आहे याचा विचार नसतो आणि वेळ चुकलेली असते. म्हणून या लेखात बटण दाबण्याआधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आकडे सीस्टार एस५० ही स्मार्ट दुर्बीण धरून दिले आहेत: ५० मिमी भिंग, २५० मिमी नाभीय अंतर, १९२० × १०८० पिक्सेलचा सेन्सर. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे २.४ आर्कसेकंदांचा तुकडा बसतो (अंशाचे ६० आर्कमिनिट, आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद) आणि पूर्ण चौकट साधारण १.३ × ०.७ अंशांची असते. सीस्टार एस३० वर एक पिक्सेल सुमारे ४ आर्कसेकंदांचा पडतो, ड्वार्फ ३ वर सुमारे २.७५. बाकी क्रम तिन्हींना सारखाच.

## टप्पा १: लक्ष्य आधी पिक्सेलमध्ये मोजा

प्लॅनेटरी नेब्युला बहुतेक चिमुकल्या असतात. ॲपच्या यादीतला फोटो मोठ्या दुर्बिणीचा असतो, तो पाहून निवड करू नका. नेब्युलाचा आकार आर्कसेकंदात घ्या आणि २.४ ने भागा. (एम आणि एनजीसी हे आकाशातल्या वस्तूंच्या दोन याद्यांमधले क्रमांक.)

- एम२७, डम्बेल: सुमारे ८ × ५.७ आर्कमिनिटं, म्हणजे २०० × १४० पिक्सेल. सुरुवात हिच्यापासूनच करा.
- एनजीसी ७२९३, हेलिक्स: तेजस्वी कडं सुमारे १६ आर्कमिनिटांचं, म्हणजे ४०० पिक्सेल. मोठी, पण प्रकाश इतका पसरलेला की तासाभराच्या आत समाधान होत नाही.
- एम५७, रिंग: सुमारे ८० × ६० आर्कसेकंद, म्हणजे फक्त ३३ × २५ पिक्सेल. तेजस्वी असल्याने लगेच दिसते, पण टिकलीएवढी.
- एम९७, आउल: ३.४ आर्कमिनिटं, ८५ पिक्सेल. फिकी. घुबडाचे ‘डोळे’ दिसायला दोन तास धरा.
- एनजीसी ३२४२ आणि एनजीसी २३९२: दोन्ही २० पिक्सेलच्या आतबाहेर. रंगीत ठिपका मिळतो, आतली रचना नाही.
- एनजीसी ६५४३, कॅट्स आय: मुख्य भाग ८-९ पिक्सेल. या दुर्बिणीने हिच्या मागे लागू नका.

तपासणी: उत्तर ३० पिक्सेलच्या खाली आलं, तर ‘फोटो’ची अपेक्षा सोडा. नोंद म्हणून घ्यायला हरकत नाही.

## टप्पा २: वेळ आणि बाजू

या टप्प्यावर सर्वात जास्त चुका होतात. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि एम२७ ची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, सुमारे २२.७ अंश उत्तर. त्यामुळे एम२७ आपल्याकडे अगदी डोक्यावरून जाते, ८५ अंशांपर्यंत. साध्या, म्हणजे ऑल्ट-ॲझ मोडमधल्या दुर्बिणीला हीच जागा सर्वात अवघड. दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी दोनच दिशांनी फिरते, आकाश मात्र तिरकं वळतं. त्यामुळे चौकटीतलं चित्र हळूहळू गोल फिरतं. यालाच फील्ड रोटेशन म्हणतात.

किती फिरतं? नेब्युला उत्तरेला ८५ अंशांवर असेल, तर दहा सेकंदांच्या एका एक्सपोजरमध्ये चित्र जवळजवळ अर्धा अंश फिरतं. चौकटीच्या कोपऱ्यातला तारा नऊएक पिक्सेल लांब रेघ ओढतो आणि ॲप ती फ्रेम फेकून देतं. तीच एम२७ दोन तासांनी पश्चिमेकडे ६१ अंशांवर उतरली, की त्याच दहा सेकंदांत कोपऱ्यातला तारा अर्धा पिक्सेलही सरकत नाही. यंत्र तेच, रात्रही तीच.

यावरून नियम सोपा आहे. डोक्यावरून जाणारं लक्ष्य पूर्वेला चढताना किंवा पश्चिमेला उतरताना घ्या, उंची ४० ते ७० अंशांच्या दरम्यान. ८० अंशांच्या वर घेऊच नका. एम२७ सर्वात उंच असते त्या क्षणाच्या आधी आणि नंतर सुमारे ३७-३७ मिनिटं ती ८० अंशांच्या वर असते. तो सव्वा तास दुसऱ्या लक्ष्याला द्या.

१ ऑक्टोबरच्या रात्रीचा क्रम असा लावता येतो. खरा अंधार साडेसातच्या सुमारास पडतो. नेमकं त्याच वेळी, पावणेआठच्या आसपास, एम२७ डोक्यावर येते. अंधार पडला रे पडला की डम्बेल लावायची, ही चूक इथेच होते.

1. साडेसात ते सव्वाआठ: एम५७. ती डोक्यावरून पुढे सरकून सत्तरेक अंशांवर असते.
2. साडेआठ ते दहा: एम२७, पश्चिमेकडे.
3. दहाच्या पुढे: हेलिक्स. ती सव्वादहाच्या सुमारास दक्षिणेला ५१ अंशांवर, आपल्या सर्वोच्च जागी असते.

दर पंधरवड्याला हे सगळं साधारण एक तास आधी होतं. १५ नोव्हेंबरला हेलिक्स सव्वासातलाच सर्वात उंच असते, त्यामुळे दिवाळीनंतर तिला पहिला नंबर द्या. सर्वोच्च वेळेच्या आधी-नंतर अडीच तास ती ३५ अंशांच्या वर राहते. त्याखाली गेली की धूळ आणि धूर उरलेली मजा घालवतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर मध्य एप्रिलला एनजीसी ३२४२ सव्वानऊच्या, तर एम९७ दहाच्या सुमारास सर्वात उंच असते. एनजीसी २३९२ सुद्धा डोक्यावरून, ८६ अंशांवरून जाते. तिलाही एम२७ चाच नियम लावा.

सावधान: अमावास्या बघून तारीख ठरवता तेव्हा ती लक्ष्मीपूजनाची तर नाही ना, हे पाहा. आकाश काळं असतं, पण धुराने भरलेलं. चार दिवस जाऊ द्या. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातून काही घेऊ नका. रोषणाई आणि शोभेच्या दारूकामापुढे १० व्या प्रतीची, म्हणजे फिकी, एम७६ ही प्लॅनेटरी नेब्युला टिकत नाही.

चांगली रात्र ओळखायची तर परतीच्या पावसाकडे लक्ष ठेवा. हस्ताचा पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तर त्या रात्रीची हवा वर्षातली सर्वात स्वच्छ असू शकते. जमिनीत ओल असते, त्यामुळे धूळ उडत नाही.

## टप्पा ३: जागा कुठल्या दिशेची?

‘शहराबाहेर चला’ एवढं पुरत नाही. लक्ष्य ज्या दिशेला, त्याच बाजूने शहराबाहेर पडायचं. म्हणजे शहराच्या उजेडाचा घुमट पाठीमागे राहतो.

बार्शी रस्त्याने नान्नज-मार्डीकडे गेलात तर उत्तर आकाश छान मिळतं. एम९७ आणि एम७६ साठी हीच बाजू. पण तिथून हेलिक्स बघायची म्हणजे दक्षिणेला, सोलापूर शहरावरूनच बघायची. हेलिक्ससाठी विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे, भीमेच्या बाजूला जा. होटगीकडच्या पट्ट्यात फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राचे दिवे आड येतात, त्यामुळे ती बाजू टाळलेली बरी. एम५७ आणि एम२७ या दोघी मात्र फिल्टर (टप्पा ८) लावून शहरातल्या गच्चीवरूनही निघतात. त्यांच्यासाठी पेट्रोल जाळायची गरज नाही.

शेतात जाणार असाल तर तीन गोष्टी आधी विचारून घ्या. पहिली, शेतमालकाची परवानगी. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका, ओळखीच्या शेतात थांबा. दुसरी, त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे का? असेल तर बाराला कोणीतरी पाणी द्यायला येणार आणि विहिरीवरचा दिवा तुमच्या तोंडावर लागणार. तिसरी, पोलीस पाटलांना किंवा शेजारच्या वस्तीवर कल्पना. अंधारात आपोआप मान फिरवणारं, दिवा लुकलुकणारं यंत्र लांबून ड्रोनसारखं दिसतं.

गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वाऱ्याखालची बाजू टाळा. उसाच्या भुशाची काळी राख काचेवर बसते, आणि बोटाने पुसली की चरे पडतात.

## टप्पा ४: संध्याकाळच्या आधी

1. बॅटरी पूर्ण भरा, पण ४२ अंशांच्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवून नाही. तापलेली बॅटरी आधी सावलीत गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा.
2. टाइप-सी वायर आणि पॉवर बँक सोबत घ्या. दव हटवणारा हीटर चालू ठेवला की बॅटरी बरीच लवकर उतरते.
3. साठवणुकीची जागा मोकळी करा. एक कच्ची फ्रेम सुमारे ४ एमबीची असते. दहा सेकंदांच्या फ्रेमा तासभर घेतल्या तर ३६०, म्हणजे दीड जीबी.
4. ॲपमध्ये ‘प्रत्येक फ्रेम साठवा’ हा पर्याय चालू करा. तो बंद राहिला तर हाती फक्त यंत्राने जोडलेलं चित्र येतं आणि नंतर खराब फ्रेमा वगळता येत नाहीत. ही चूक सकाळीच कळते.
5. ॲपचं अपडेट घरी, दिवसा करून घ्या. माळावर रेंज नसताना ‘फर्मवेअर जुळत नाही’ असा संदेश आला की रात्र गेली.
6. काचेवर आधी हातपंपाने हवा मारा. डाग असेल तरच भिंगाचं कापड वापरा.

सावधान: दुर्बीण उन्हात उघडी ठेवून सूर्याकडे वळू देऊ नका. सूर्यफिल्टर पुढे लावल्याशिवाय ‘सूर्य’ मोडला हात लावायचा नाही.

## टप्पा ५: मांडणी

गच्चीवर कोबा दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत गरम हवा सोडत राहतो. ताऱ्यांचे ठिपके त्यामुळे फुगतात. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारायची आपली सवय इथेही कामाची आहे, फक्त ते सूर्यास्तालाच मारा. दुर्बीण मांडायच्या वेळी मारलं तर ओल थेट काचेवर येते. शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून दिसणारं आकाश टाळा.

शेतात, विशेषतः पावसानंतर, काळ्या मातीत तिपाईचे पाय सावकाश रुततात. संध्याकाळी समतल केलेलं यंत्र तासाभरात कललेलं असतं. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा हातभर तुकडा ठेवा. सतरंजीवर किंवा अंथरुणावर तिपाई कधीच नको. सोलापुरी चादर तुमच्या खांद्यावर असू द्या. दुर्बिणीजवळ झटकलीत तर तिचे तंतू काचेवर जातात.

क्रम असा:

1. तिपाईचे पाय शक्य तितके आखूड ठेवा. उंचीचा इथे काही उपयोग नाही, वारा मात्र जास्त लागतो.
2. आधी तिपाई अंदाजे समतल करा, मग दुर्बीण बसवा.
3. यंत्र चालू करा, फोन जोडा, लोकेशनची परवानगी द्या.
4. ॲपमधलं समतल-दर्शक पाहत पाय हळूहळू कमी-जास्त करा, बबल मध्यावर येईपर्यंत.
5. त्यानंतर होकायंत्र जुळवा. ते समतल करण्याआधी जुळवलं तर परत करावं लागतं.

तपासणी: होकायंत्र वेडंवाकडं दाखवत असेल तर आजूबाजूला लोखंड शोधा. वरच्या मजल्यासाठी ठेवलेल्या सळया, टाकीचा लोखंडी स्टँड, सोलर हीटर, गाडीचं बॉनेट. दोन-तीन मीटर सरकलात तरी फरक पडतो.

## टप्पा ६: फोकस, आणि मग परत फोकस

ऑटोफोकस ताऱ्यांवर करायचा, संधिप्रकाशात नाही. घरातून बाहेर आणलेली दुर्बीण वीस-पंचवीस मिनिटं हवेला सोडा. तापमान चार-पाच अंशांनी उतरलं की फोकस पुन्हा घ्या. डिसेंबरच्या रात्री दोनदा घ्यावा लागतो.

प्लॅनेटरी नेब्युलाच्या बाबतीत फोकसचा एक खास घोटाळा होतो. फोकस हुकला की साधा तारा गोल तबकडीसारखा किंवा कड्यासारखा दिसतो आणि नवशिक्याला वाटतं, एम५७ सापडली! चित्र मोठं करून शेजारचे तारे बघा. सगळेच तारे तबकड्या असतील तर फोकस गेलेला आहे. तारे टाचणीच्या टोकासारखे आणि मध्ये एकच धुरकट कडं असेल, तर ती एम५७.

## टप्पा ७: लक्ष्यावर नेणं आणि ओळख पटवणं

ॲपच्या शोधपट्टीत एम२७ किंवा एनजीसी ७२९३ असा क्रमांक टाका. लोकप्रिय नावं कधीकधी दुसऱ्याच वस्तूवर नेतात. दुर्बीण फिरून थांबते, एक फोटो काढते, ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे आहोत ते ओळखते आणि स्वतःला दुरुस्त करते. इथे तिला घाई करू नका. ती दोन-तीनदा सरकते, तो बिघाड नव्हे.

आकाशातली जागा स्वतःलाही माहीत असू द्या. एम५७ स्वरमंडळात, अभिजितच्या खालच्या समांतरभुज चौकोनाच्या लांबच्या टोकाला असलेल्या दोन ताऱ्यांच्या, शेलियाक आणि सुलाफतच्या मध्ये आहे, शेलियाककडे थोडी झुकलेली. एम२७ शर या छोट्या तारकासमूहाच्या टोकाच्या ताऱ्यापासून, म्हणजे गॅमा सॅजिटीपासून, उत्तरेला तीनेक अंशांवर. अंधाऱ्या शेतात १० × ५० च्या द्विनेत्रीतून एम२७ धुराच्या पुंजक्यासारखी दिसते. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवायची.

तपासणी: ‘तारे कमी आहेत’ असा संदेश वारंवार आला तर क्रमाने बघा: ढग, काचेवर दव, फोकस. चौथं कारण भिंत किंवा झाड. स्क्रीन काळीच दिसते, त्यामुळे दुर्बीण नारळाच्या झावळ्यांकडे बघतेय हे ध्यानात येत नाही.

## टप्पा ८: फिल्टर आणि एक्सपोजर

प्लॅनेटरी नेब्युला सगळ्या रंगांत चमकत नाही. तिचा बहुतेक प्रकाश मोजक्या रेषांत असतो. दोनदा आयनित ऑक्सिजनच्या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरला, निळ्या-हिरव्या. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ ला आणि तिच्या अगदी शेजारी नायट्रोजन, दोन्ही लाल. यंत्रातला दुहेरी पट्ट्याचा फिल्टर एवढंच आत सोडतो आणि रस्त्यावरच्या एलईडीचा बराचसा उजेड अडवतो. म्हणून:

- हेलिक्स, एम२७, एम९७: फिल्टर लावूनच. शेतातसुद्धा.
- एम५७: शहरातून फिल्टर लावून. अंधाऱ्या शेतातून एकदा फिल्टरशिवायही घ्या. तिच्यापासून चारेक आर्कमिनिटांवर आयसी १२९६ ही फिकी आकाशगंगा आहे आणि फिल्टर तिला गिळतो.

एक्सपोजर दहा सेकंदांवर ठेवा. वीस-तीस सेकंदांचा मोह होतो. पश्चिमेला उतरणाऱ्या एम२७ ला वीस चालतील, पण दक्षिणेच्या हेलिक्सला नाहीत. तिथे चित्र तासाला २३ अंश वळतं. दहा सेकंदांत कोपऱ्यातला तारा सव्वा पिक्सेल सरकतो, वीसमध्ये अडीच.

एकूण वेळ किती? एम५७ ला ३० ते ४५ मिनिटं पुरतात. एम२७ ला दीड ते दोन तास. हेलिक्सला तीन-चार तास, म्हणजे दोन रात्री. वेळ चौपट केला की चित्राचा खरखरीतपणा निम्मा होतो. पंधरा मिनिटांवरून तासावर जाण्यात जो फायदा, तोच पुन्हा हवा असेल तर चार तास लागतात.

सेन्सरला थंड करणारी सोय या यंत्रांत नाही. त्याचा उष्णतेचा गोंगाट, म्हणजे चित्रातली खरखर, साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरच्या १६ अंशांच्या रात्रीशी मेमधल्या ३० अंशांच्या रात्रीची तुलना केली तर तो सुमारे पाचपट. उन्हाळ्यात फिक्या लक्ष्यांचा हट्ट का नको, ते यावरून कळेल. सुरुवातीला यंत्र स्वतःच डार्क फ्रेम, म्हणजे हा गोंगाट वजा करण्यासाठी उजेड बंद करून काढलेली फ्रेम, घेतं. तेवढा वेळ त्याला हात लावू नका.

चंद्राबद्दल एक: निळ्या-हिरव्या पट्ट्यात चांदण्याचा उजेडही घुसतो. त्यामुळे अर्ध्याहून मोठा चंद्र वर असेल तर हेलिक्स सोडा, एम५७ घ्या.

## टप्पा ९: चालू असताना काय बघायचं

या दुर्बिणीला डोळा लावायची जागा नाही. निरीक्षण स्क्रीनवरच करायचं असतं, आणि ते करण्याची एक पद्धत आहे. एम२७ घ्या. पहिल्या दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये मधोमध करडा डाग दिसतो. पाचेक मिनिटांनी डमरूसारखा मध्यभाग उठतो, दोन्ही टोकांना लालसर कड येते. वीस मिनिटांनी डमरूच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना निळसर-हिरवे ‘कान’ भरू लागतात आणि आकार सफरचंदाच्या गाभ्याऐवजी गोलाकडे झुकतो. तासानंतर नजरेला फारसं नवं दिसत नाही, पण फाइलमध्ये साठत असतं. या चार वेळांचे स्क्रीनशॉट ठेवा. पुढच्या वेळी हवा चांगली की वाईट, हे पाचव्या मिनिटालाच ताडता येतं.

दर पंधरा मिनिटांनी एक आकडा बघा: लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष जोडला गेलेला वेळ. साठपैकी पन्नास मिनिटं जोडली गेली असतील तर उत्तम. पस्तीसच्या खाली असेल तर थांबा आणि कारण शोधा:

- तारे एकाच दिशेला ओढलेले: वारा, किंवा गच्चीवर कोणी चालतंय.
- कोपऱ्यातले तारे वर्तुळात ओढलेले, मधले ठीक: लक्ष्य फार उंच आहे.
- सगळे तारे फुगलेले: फोकस, किंवा दव. हीटर चालू करा.
- फ्रेमा लागोपाठ बाद आणि आकाश पांढुरकं: पातळ ढग. वाट बघा किंवा आवरा.

फोन घेऊन खाली जेवायला गेलात आणि वायफाय तुटलं तरी यंत्र आपलं काम चालू ठेवतं. परत आल्यावर जोडा. यंत्र ‘हललं का बघू’ म्हणून हाताने ढकलू मात्र नका.

## टप्पा १०: चित्रावर काम

यंत्राने दिलेली जेपीईजी मित्रांना पाठवायला ठीक. खरं काम फिट्स फाइलवर, म्हणजे सेन्सरची माहिती न दाबता साठवणाऱ्या फाइलवर. सिरिल हा फुकट मिळणारा प्रोग्राम त्याला पुरतो.

1. कच्च्या फ्रेमा एकदा नजरेखालून घाला. लांबट ताऱ्यांच्या, ढगाच्या काढून टाका.
2. स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फ्रेमा जुळवून एक चित्र बनवा. उपग्रहाच्या रेघा इथे आपोआप वगळल्या जातात, फ्रेमा भरपूर असतील तर.
3. कडा कापा. फील्ड रोटेशनमुळे कोपऱ्यांत कमी फ्रेमा येतात. त्या कडा ठेवून पुढे गेलात तर पुढची प्रत्येक पायरी बिघडते.
4. पार्श्वभूमीचा उतार, म्हणजे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असलेला आकाशाचा उजेड, काढा. तो मोजायला प्रोग्राम टाकतो ते नमुन्याचे चौकोन नेब्युलावर पडू देऊ नका. हेलिक्समध्ये प्रोग्राम ते हमखास टाकतो, हाताने पुसा. नाही तर बाहेरचं फिकं कडं उजेड समजून वजा होतं.
5. मग रंगसंतुलन, आणि त्यानंतरच ताणणं, म्हणजे स्ट्रेच: चित्रातला फिका भाग उजळवणं.

चौथ्या आणि पाचव्या पायरीची अदलाबदल ही नेहमीची चूक. ताणलेल्या चित्रातून उतार नीट निघत नाही.

‘हिरवा गोंगाट काढा’ हे बटण आकाशगंगांसाठी ठीक असेल, इथे घातक आहे. ऑक्सिजनचा रंगच निळा-हिरवा. बटण पूर्ण जोराने दाबलं की एम२७ चे ‘कान’ करडे होतात. वापरायचंच तर अगदी थोडं.

एम५७ ला ताणताना हात आखडता घ्या. कडं इतकं तेजस्वी आहे की जोराने ताणलं की मधलं भोक बुजतं. भोक दिसेनासं झालं, की एक पाऊल मागे या. ३३ पिक्सेलचं चित्र तिपटीपर्यंत मोठं करा, त्यापुढे नुसता चिखल. ॲपमधलं एआय गोंगाट-निवारण कड्यात कधीकधी नसलेले धागे रंगवतं. ते सुंदर दिसतात, म्हणूनच शंका घ्या.

दोन रात्रींच्या फ्रेमा एकत्र करायच्या असतील तर फिल्टर आणि एक्सपोजर दोन्ही रात्री सारखं हवं. फोल्डरच्या नावातच तारीख, लक्ष्य, फिल्टर आणि सेकंद लिहा.

## ईक्यू मोडबद्दल

ईक्यू, म्हणजे इक्वेटोरियल मोडमध्ये यंत्राचा तळ कलता करून तो ध्रुवाकडे रोखला की फील्ड रोटेशन थांबतं. उत्तरेकडच्या देशांतले लोक हा सल्ला सहज देतात, कारण त्यांच्याकडे ध्रुव ४०-५० अंश वर असतो. सोलापुरात तो जेमतेम १७.७ अंशांवर. म्हणजे दुर्बीण जवळजवळ ७२ अंश, आडवीच पाडावी लागते. तिचं वजन तिपाईच्या बाहेर जातं आणि सोबत आलेल्या हलक्या तिपाईवर ती उलटते. करायचंच असेल तर:

- रुंद पायांची जड तिपाई आणि पक्कं वेज (तिरका आधार) किंवा व्हिडिओ हेड घ्या.
- एक पाय नेमका दुर्बीण झुकते त्या बाजूला ठेवा.
- तिपाईच्या मधोमध वाळूची पिशवी टांगा.
- यंत्र चालू करण्याआधी दुर्बिणीची मान सर्व दिशांना जाताना तिपाईच्या पायांना अडणार नाही, हे पाहा.

पहिले दोन-तीन महिने साध्या मोडमध्ये दहा सेकंदांवरच काढा. पश्चिमेची एम२७ त्यातही खणखणीत निघते.

## आवरताना

ॲपमधून दुर्बीण मिटवा, मान पूर्ण बंद होईपर्यंत थांबा, मग यंत्र बंद करा. अर्धवट उघडी मान हाताने दाबून बसवू नका, आतले दाते जातात. काचेवर दव असेल तर पिशवीत कोंडू नका. घरी आणून तासभर पंख्याच्या वाऱ्याला न लावता, नुसती उघडी ठेवा. पंखा धूळ आणून बसवतो. सिलिका जेलची पुडी पिशवीत टाका, आणि ती दर पावसाळ्यानंतर बदला.